मेल येतो, पण जात का नाही?

परगावी हॉटेलात उतरून वाय-फाय जोडला, की दिवसभराचे मेल धडाधड उतरतात. त्यात कोणाचे बिल असते, कोणाची चौकशी, बँकेचे विवरण, मुलाच्या शाळेची सूचना. त्यातल्या एकाला तातडीने उत्तर लिहून ‘पाठवा’ दाबावे, तर ते उत्तर आउटबॉक्समध्येच बसून राहते. पुन्हा दाबले तरी तेच. थोड्या वेळाने सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, अशी एक इंग्रजी ओळ उमटते. माणूस पासवर्ड तपासतो, फोन बंद करून चालू करतो आणि शेवटी खाली काउंटरवर जातो. तिथला मुलगा आपला फोन पुढे करून दाखवतो, ‘सर, नेट तर चालू आहे, यूट्यूब बघा ना.’ यूट्यूब खरेच चालत असते.

काउंटरवरचा मुलगा खोटे बोलत नाही आणि प्रवाशाचेही काही चुकलेले नसते. बिघाड दोघांच्याही हाताबाहेर, कोणीतरी कधीतरी लावून ठेवलेल्या यंत्राच्या नियमांत असतो, आणि ते नियम कोणीच सांगत नाही. परक्या वाय-फायवरून मेल न जाणे ही प्रवाशाच्या अडाणीपणाची खूण मानली जाते, ‘त्यांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही’ असे घरचेही म्हणतात. ही समजूत चुकीची आहे. दोष नेटवर्क देणाऱ्याचा आहे आणि तो दूर करण्याची जबाबदारीही त्याचीच असायला हवी.

मुळात मेल येणे आणि मेल जाणे ही दोन वेगळी कामे आहेत, दोन वेगळ्या यंत्रणांची. मेल उतरवून घेण्यासाठी आयमॅप किंवा पॉप ही पद्धत वापरतात; त्यांचे सुरक्षित मार्ग ९९३ आणि ९९५ या क्रमांकांच्या पोर्टवरून, म्हणजे जोडणीच्या क्रमांक दिलेल्या दारांतून, जातात. मेल पाठवण्याची पद्धत एसएमटीपी. तिचे पोर्ट २५, ५८७ आणि ४६५. वेबसाइट पाहायची तर ८० आणि ४४३. नेटवर्क ज्याच्या ताब्यात आहे तो यातला कोणताही पोर्ट बंद ठेवू शकतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ९९३ उघडा असेल आणि ५८७ बंद असेल, तर पत्रे येत राहतील आणि एकही जाणार नाही.

जाणाऱ्या मेलवरच एवढा राग का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एसएमटीपीचा मूळ आराखडा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडला. त्या वेळी जाळ्यावर विद्यापीठे, संशोधन संस्था आणि अमेरिकी संरक्षण खात्याशी संबंधित मंडळी होती. बहुतेक जण एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे पाठवणारा कोण, हे तपासायची सोयच त्या आराखड्यात नव्हती. चौकातल्या टपालपेटीत कोणीही यावे आणि कोणाच्याही नावाने पाकीट टाकून जावे, तसा तो कारभार होता. पंचवीस नंबरच्या पोर्टवर सर्व्हर बसलेला असे, आणि जो येईल त्याचे पत्र पुढे ढकलत असे.

या भाबडेपणाचा फायदा घेणारेही तेव्हापासूनच होते. ३ मे १९७८ रोजी, म्हणजे एसएमटीपीच्याही आधी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुएर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवली होती. पहिला स्पॅम म्हणून आज तिची नोंद होते. इंटरनेट घराघरांत आल्यावर हा त्रास हाताबाहेर गेला. २००४ मध्ये अमेरिकेतील कॉमकास्ट या कंपनीच्या ग्राहकांकडून रोज सुमारे ८० कोटी मेल निघत होते आणि त्यातले जेमतेम १० कोटी कंपनीच्या स्वतःच्या मेल सर्व्हरमधून जात होते. बाकीच्यांत फार मोठा वाटा व्हायरस शिरलेल्या घरगुती संगणकांचा होता. त्यांच्या मालकांना काही माहीत नसताना ते २५ नंबरवरून जगभर कचरा ओतत होते. इंटरनेट कंपन्यांनी मग ग्राहकांसाठी हा पोर्ट बंद करायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी मेलच्या गैरवापराविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने तशी शिफारसही केली.

तो निर्णय योग्यच होता. ज्या हॉटेलात रोज शंभर अनोळखी लॅपटॉप जोडले जातात, तिथे २५ नंबर उघडा ठेवणे धोक्याचे आहे. एका पाहुण्याच्या संगणकातून स्पॅम निघाला, तर त्या हॉटेलचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या काळ्या यादीत जातो आणि मग सगळ्यांचेच हाल होतात. तेव्हा २५ नंबर बंद राहावा, याबद्दल वाद नाही.

वाद पुढे आहे. २५ बंद करताना प्रवाशाची सोय काय, याचे उत्तर त्याआधीच तयार झाले होते. डिसेंबर १९९८ मध्ये ५८७ हा पोर्ट खास मेल सादर करण्यासाठी ठरवून दिला गेला. मार्च १९९९ मध्ये पाठवणाऱ्याने नाव आणि पासवर्ड देऊन ओळख पटवण्याची रीत प्रमाणित झाली. ४६५ नंबरची कथा थोडी वाकडी आहे. तो १९९७ मध्ये सुरक्षित एसएमटीपीसाठी नोंदला गेला, लवकरच काढून घेतला गेला, पण जगाने तो वापरणे सोडले नाही. अखेर जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१४ ने त्याला पुन्हा मान्यता दिली. या दोन मार्गांवरून जाणारे पत्र पासवर्ड दिल्याशिवाय सर्व्हर घेतच नाही. पाठवणारा कोण हे त्याच्या मेल कंपनीला ठाऊक असते, आणि त्याने स्पॅम पाठवला तर ती त्याचे खाते बंद करू शकते. हॉटेलच्या पत्त्याला डाग लागत नाही. म्हणजे हॉटेल, लॉज, विमानतळ किंवा कॅफे यांनी ५८७ आणि ४६५ बंद ठेवण्यामागे कोणतेही संरक्षण नाही. तरीही ते बंद सापडतात, कारण राउटर बसवणाऱ्याने ८० आणि ४४३ एवढे सोडून सगळे एका फटक्यात बंद केलेले असते. वेबसाइट दिसली म्हणजे इंटरनेट मिळाले, असे त्याने गृहीत धरलेले असते.

काही ठिकाणी याहून वाईट प्रकार चालत आला आहे. पाहुण्यांच्या नेटवर्कसाठी मिळणाऱ्या काही गेटवे यंत्रांत एक सोय असते. पाहुण्याने आपल्या सर्व्हरकडे २५ नंबरवरून पाठवलेले पत्र मध्येच अडवून ते हॉटेलने नेमलेल्या सर्व्हरमार्फत रवाना करायचे. हेतू चांगला होता. पाहुण्याला काही बदलावे लागू नये, एवढाच. पण त्यानंतर मेलच्या जगात एसपीएफ आले. एखाद्या डोमेनच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरना आहे, हे डोमेनचा मालक त्यातून जाहीर करतो. हॉटेलचा सर्व्हर त्या यादीत नसतो. मग पत्र निघते, पाठवणाऱ्याला ‘गेले’ असे दिसते, आणि समोरच्याकडे ते स्पॅमच्या ढिगात पडते. आउटबॉक्समध्ये अडकलेले पत्र निदान डोळ्यांना दिसते. गेले असे वाटून न पोचलेले पत्र माणसाला काहीच न कळू देता त्याचे काम बुडवते.

वाटेत छेडछाड होऊ शकते, ही कल्पनेतली भीती नाही. मेल प्रोग्राम आणि सर्व्हर सुरुवातीला साध्या भाषेत बोलतात आणि मग ‘स्टार्टटीएलएस’ ही आज्ञा देऊन पुढचे बोलणे कुलूपबंद करतात. मधले यंत्र ही आज्ञाच पुसून टाकू शकते. काही फायरवॉल तिच्या जागी एक्सची रांग भरतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी जीमेलकडे येणारी पत्रे तपासली, तेव्हा ट्युनिशियातून येणाऱ्या ९६ टक्क्यांहून अधिक पत्रांचे कुलूप असे वाटेतच काढलेले आढळले. ती पाहणी एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे जाणाऱ्या पत्रांची होती. तंत्र मात्र तेच आहे, आणि ते हॉटेलच्या तळघरातल्या पेटीतही चालते. म्हणूनच मेल प्रोग्राममध्ये ‘जमल्यास सुरक्षित’ असा पर्याय असेल तर तो न निवडता ‘नेहमी सुरक्षित’ हाच निवडावा. कुलूप लागत नसेल तर पत्र न गेलेले बरे.

पोर्टच्याही आधी आणखी एक अडथळा असतो. वाय-फाय जोडल्यावर जे लॉगिनचे पान उघडते, ते पूर्ण करेपर्यंत नेटवर्क काहीच बाहेर जाऊ देत नाही. मेलच्या ॲपला हे पान दाखवता येत नाही, कारण ते ब्राउझरसाठी असते. फोनवर वाय-फायची खूण दिसते, माणूस मेल पाठवतो, आणि मधले यंत्र ॲपच्या विनंतीला आपलेच उत्तर देते. मग ॲप ‘सर्व्हरची ओळख पटत नाही, तरी पुढे जायचे का?’ असे विचारते. घाईतला प्रवासी ‘हो’ म्हणतो. तिथे ‘हो’ म्हणणे फार महागात पडू शकते, कारण आपला पासवर्ड कोणाच्या हाती जातो आहे हे त्याला माहीत नसते. आधी ब्राउझर उघडावा, लॉगिनचे पान पूर्ण करावे आणि मगच मेलला हात लावावा.

आजचे फोन हे पान शोधून काढण्यासाठी जोडणी होताच एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी विनंती धाडतात. अपेक्षित उत्तर आले नाही, तर लॉगिनचे पान समोर आणतात. लॅपटॉपवर हे नेहमी जमत नाही. बहुतेक संकेतस्थळे आता एचटीटीपीएसवर आहेत आणि तिथे मध्येच घुसून आपले पान दाखवणे गेटवेला शक्य नसते, म्हणून कोरी खिडकी दिसते आणि प्रवाशाला वाटते की नेटच बंद आहे. नेटवर्कने आपले लॉगिनचे पान कुठे आहे हे यंत्राला सरळ सांगावे, यासाठी २०२० मध्ये आरएफसी ८९१० हे प्रमाण ठरले. ते राबवायला नवे यंत्रही लागत नाही. तरी आपल्याकडच्या किती हॉटेलांना त्याचे नाव ठाऊक असेल?

भारतात या पानावर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागतात. त्यामागचा इतिहास थेट महाराष्ट्रातला आहे, आणि तो ई-मेलचाच इतिहास आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले आणि ५० हून अधिक माणसे मेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा मेल पोचला होता. तपास नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरापर्यंत गेला. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचा वाय-फाय उघडा होता आणि तो दुसऱ्याच कोणीतरी वापरला होता. त्यानंतर ऑगस्टमध्ये आलेल्या मेलचा माग माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या वाय-फायपर्यंत आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांवेळच्या मेलचा माग चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायपर्यंत लागला. एका महानगरातले तीन परके वाय-फाय आणि दहशतवाद्यांचे तीन मेल. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडे वाय-फाय शोधण्यासाठी पथके फिरवण्याचे जाहीर केले, आणि २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने आदेश काढला. सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख घ्या, एकतर छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत ठेवा किंवा मोबाइलवर एसएमएसने लॉगिन द्या, आणि ही नोंद वर्षभर जपा.

माणसे मेलेली होती, तपास अडत होता, त्या वेळी हा आदेश आवश्यक होता. त्यात दोन पर्याय होते, हे मात्र पुढे सगळे विसरले. ओळखपत्राची प्रत घेणे कटकटीचे आणि एसएमएस सोपा, म्हणून ओटीपी हाच एकमेव रस्ता झाला. रीत तशीच चालू राहिली आणि ओटीपी ज्याला मिळू शकत नाही, तो माणूस हिशेबातून गळला.

असा माणूस विरळा नाही. न्यू जर्सीहून वा सिंगापूरहून मुंबईला उतरणाऱ्या मराठी माणसाकडे परदेशी क्रमांक असतो, आणि बऱ्याच पानांवर +९१ सोडून दुसरा क्रमांक टाकताच येत नाही. काही मोठ्या विमानतळांवर पासपोर्ट दाखवून कूपन मिळते; रेल्वे स्थानकावर, एसटी स्थानकाजवळच्या लॉजवर कोण देणार? काश्मीरला जाणारे मराठी पर्यटक दर उन्हाळ्यात हा अनुभव घेतात. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालते. ज्याच्याकडे प्रीपेड आहे, त्याला वाय-फायची गरज सर्वांत जास्त असते, आणि ओटीपी मागणारे वाय-फाय नेमके त्यालाच नकार देते. उलट दिशेनेही हेच होते. परदेशात गेलेल्या ज्येष्ठ नागरिकाने रोमिंग घेतलेले नसते, फोन केवळ हॉटेलच्या वाय-फायवर चालतो, आणि नव्या देशातून लॉगिन झालेले पाहून मेल कंपनी खातरजमा म्हणून एसएमएसवर कोड पाठवते. तो कोड पुण्यातल्या सिमवर येणार असतो आणि ते सिम त्या वेळी बंद असते.

मेल कंपन्यांनी बंदोबस्त कडक केला, तो बरोबरच आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डावर चालणारे जुने प्रोग्राम बंद केले, मायक्रोसॉफ्टनेही २०२४ मध्ये आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी तेच केले. पण हा सगळा बंदोबस्त फोनवर एसएमएस येतोच, या एका गृहीतकावर उभा राहिला तर प्रवासी त्यातून बाहेर पडतो. निघण्यापूर्वी ऑथेंटिकेटर ॲप बसवून ठेवले, किंवा गूगल देते ते राखीव कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवले, तर ही अडचण टळते. ऑथेंटिकेटर ॲपला नेटवर्क लागत नाही, हे फार थोड्या लोकांना माहीत असते.

चीनची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे अडथळा हॉटेलचा नसून सरकारचा असतो. २०१४ च्या मध्यापासून गूगलच्या सेवा तिथे अडवल्या जाऊ लागल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर आयमॅप, पॉप आणि एसएमटीपीने जीमेल वापरण्याचा शेवटचा मार्गही बंद झाला. ग्वांगझू इथे १९५७ पासून भरणाऱ्या कँटन फेअरला भारतातले, त्यात मुंबई-पुण्याचेही व्यापारी जातात. हॉटेलच्या वाय-फायवर त्यांचे जीमेल मुकाट होते. तेच भारतीय सिमच्या रोमिंगवर चालते, कारण रोमिंगमधला डेटा साधारणपणे आधी भारतातल्या कंपनीकडे येतो आणि तिथून जगात जातो. ज्याला हे माहीत आहे तो रोमिंगचा छोटा पॅक घेऊन जातो, आणि ज्याला माहीत नाही तो ऑर्डरचे उत्तर वेळेत देऊ शकत नाही.

‘मग ब्राउझरमध्ये जीमेल उघडून पाठवा ना, नाहीतर व्हॉट्सॲप करा,’ असे सांगणारे भेटतात. तात्पुरता उपाय म्हणून ते खरे आहे. ब्राउझरमधला मेल ४४३ वरून जातो आणि ४४३ सगळीकडे उघडा असतो. पण ज्याचे स्वतःच्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावाचे मेल खाते आहे, जो वकील किंवा सनदी लेखापाल वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार लॅपटॉपवरच्या आउटलुक वा थंडरबर्डमध्ये जपतो, त्याचे काम या सल्ल्याने भागत नाही. निविदा, न्यायालयाची कागदपत्रे, विद्यापीठाचा अर्ज यांच्या बाबतीत मेल कोणत्या पत्त्यावरून आणि किती वाजता निघाला याला किंमत असते. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल तिथे सहसा कोणी धरत नाही. ज्या सेवेसाठी पैसे घेतले आणि जिच्यावर ‘इंटरनेट’ असा शिक्का मारला, तिच्यातून इंटरनेटच्या सर्वांत जुन्या कामांपैकी एक होत नसेल, तर ती सेवा अपुरी आहे, हे स्वच्छ म्हटले पाहिजे.

जिथे सगळे पोर्ट उघडे असतात, तिथेही वेगाचा हिशेब आड येतो. मेलला जोडलेली फाइल पाठवताना अक्षरांत बदलावी लागते आणि त्यात ती एक तृतीयांशाहून अधिक फुगते. २० एमबीची फाइल सुमारे २७ एमबी होते. १ एमबीपीएस या वेगाने ती जायला अखंड साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो, तोही दुसरे कोणी नेटवर्क वापरत नसेल तर. रेल्वे स्थानकांवरील रेलटेलच्या वाय-फायमध्ये दिवसातला पहिला अर्धा तास याच १ एमबीपीएसने फुकट मिळतो. हॉटेलांत उतरवून घेण्याचा वेग बरा असला, तरी चढवण्याचा वेग त्याच्या काही हिश्श्याइतकाच ठेवलेला असतो. मध्येच लॉगिनची मुदत संपली, की मेल पुन्हा पहिल्यापासून. छायाचित्रे लहान करून किंवा फाइल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवणे हाच तिथे व्यवहार्य मार्ग आहे.

परक्या वाय-फायची भीती किती बाळगावी, याबद्दलही दोन शब्द हवेत. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप हे साधन प्रसिद्ध केले आणि एकाच कॅफेत बसलेल्याने शेजाऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरणे किती सोपे आहे, हे जगाला दिसले. त्यानंतर संकेतस्थळांनी झपाट्याने एचटीटीपीएस स्वीकारले आणि ती जुनी चोरी अवघड झाली. आज धोका बनावट नेटवर्कचा अधिक आहे. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल पोलिसांनी २०२४ मध्ये पर्थच्या एका इसमावर गुन्हे दाखल केले. विमानतळांवर आणि विमानातही खऱ्यासारख्या नावाचे वाय-फाय उभे करून तो प्रवाशांना खोट्या पानावर नेत होता आणि तिथे ई-मेलचा वा समाजमाध्यमाचा पासवर्ड मागत होता, असा पोलिसांचा आरोप होता. वाय-फाय सुरू करण्यासाठी कोणी ई-मेलचा पासवर्ड मागत असेल, तर तिथून तत्काळ बाहेर पडावे. मोबाइल क्रमांक मागणे ही भारतातली रीत आहे. मेलचा पासवर्ड मागणे ही कुठलीच रीत नाही.

हे सगळे सुधारता येते, आणि त्याचा नमुना जगात तयार आहे. युरोपात २००२ मध्ये सुचलेली एडुरोम ही व्यवस्था आज शंभराहून अधिक देशांत आहे. विद्यार्थी किंवा प्राध्यापक आपल्या विद्यापीठाचे नाव-पासवर्ड घेऊन दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात गेला, तरी फोन आपोआप जोडला जातो. लॉगिनचे पान नाही, ओटीपी नाही. माणूस कोण हे त्याच्या मूळ संस्थेला ठाऊक असते, त्यामुळे तपासाची वेळ आली तर माग काढता येतो. भारतात अर्नेट ही संस्था ही सेवा चालवते. एडुरोमच्या युरोपीय धोरणात यजमान संस्थेने कमीत कमी कोणते पोर्ट उघडे ठेवायचे याची यादी छापलेली आहे, आणि ५८७ व ४६५ त्या यादीत आहेत. पाहुण्याचे पत्र गेले पाहिजे, हे तिथे लेखी कर्तव्य आहे.

आपल्याकडे सार्वजनिक वाय-फायच्या घोषणांना तोटा नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगल आणि रेलटेलने वाय-फाय सुरू केला, जून २०१८ पर्यंत ४०० स्थानके झाली, आणि गूगलने २०२० मध्ये अंग काढून घेण्याचे जाहीर केल्यावरही रेलटेलने तो हजारो स्थानकांवर चालू ठेवला. याचे कौतुकच केले पाहिजे. जानेवारी २०१७ मध्ये मुंबईत राज्य सरकारने ५०० हॉटस्पॉट सुरू केले. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचे उद्दिष्ट लिहिले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली, ज्यात किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय देऊ शकतो. उद्दिष्टाच्या जवळपासही आपण पोचलो नाही. पण संख्येपेक्षाही अधिक खटकते ते हे, की या घोषणांत ‘किती हॉटस्पॉट’ आणि ‘किती वेग’ एवढेच बोलले जाते. त्या जोडणीतून काय काय करता आले पाहिजे, हे कोणी बोलत नाही.

दूरसंचार विभागाने आणि ट्रायने ते आता बोलावे. सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्या प्रत्येकाने ५८७ आणि ४६५ उघडे ठेवावेत, २५ बंद ठेवावा, आणि काय बंद आहे ते लॉगिनच्या पानावर मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहावे. ओटीपीसोबत ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग सक्तीने द्यावा. २००९ च्या आदेशातच ओळखपत्राची वाट होती, ती पुन्हा खुली करावी. हॉटेलात मुक्कामाच्या वेळी पाहुण्याचे ओळखपत्र घेतलेलेच असते. मग खोली क्रमांक आणि आडनाव यांवर वाय-फाय द्यायला काय हरकत आहे? महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आपल्या निवासांत ही सुरुवात करून दाखवावी. कोकणातल्या आणि सातारा-महाबळेश्वरच्या खासगी हॉटेलांना त्यावरून शिकता येईल.

प्रवाशानेही गप्प बसू नये. खोली आरक्षित करताना ‘वाय-फाय आहे का’ एवढे विचारून थांबू नये, ‘५८७ पोर्ट उघडा आहे का’ हेही विचारावे. पहिल्यांदा समोरच्याला कळणार नाही, पण चार पाहुण्यांनी विचारले की तो वाय-फाय बसवणाऱ्याला फोन करेल. मेल प्रोग्राममध्ये पाठवण्याचा पोर्ट २५ असेल तर घरी असतानाच तो ५८७ किंवा ४६५ करून घ्यावा. अडलेच, तर मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट करून तेवढे पत्र पाठवावे, आणि हॉटेल सोडताना अभिप्रायात काय अडले ते पोर्टच्या क्रमांकासह लिहावे. राउटरच्या सेटिंगमधला हा बदल जाणकाराचे काही मिनिटांचे काम आहे, आणि त्यासाठी हॉटेलला नवे यंत्र घ्यावे लागत नाही.